चव्हाट्यावरील खलबतखाना

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही चिटणीसांनी आम्हांवरच सोपविले. शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्ती, विवाहातील खर्च हे आपल्या व्यासपीठावरचे नेहमीचे आणि अगत्याचे विषय होत. तथापि गेल्या वर्षी आपल्या वधूवर विभागात जो प्रकार घडला, तो मनातून जात नसल्यामुळे आम्ही आज निराळाच विषय घेतला आहे.

तो प्रकार आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. मोबाइलवर आपल्या वधूवर विभागाचा जो समूह आहे, ज्यास सारे जण ग्रुप म्हणतात, त्यात एका मुलीची माहिती आली होती. शिक्षण, पगार, घरचा पत्ता, वडिलांचा क्रमांक आणि छायाचित्र असे सर्व काही त्यात होते. आठ-पंधरा दिवसांत ती माहिती समूहाबाहेर गेली. अनोळखी माणसांचे फोन वेळी-अवेळी येऊ लागले, मुलीस नोकरीच्या ठिकाणीही त्रास झाला, आणि अखेर वडिलांनी तिचे नाव आपल्या नोंदवहीतून काढून घेतले. आम्ही मंडळाच्या वतीने त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा दिला, रागाचा एक शब्दही उच्चारला नाही, फक्त एवढेच विचारले, "अहो, तुमच्या त्या समूहात कोण कोण आहे, हे तुम्हां मंडळींस तरी ठाऊक आहे काय?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतरच्या सभेत काहींनी अशी सूचना केली की हे मोबाइलचे समूहच बंद करावे आणि पूर्वीप्रमाणे छापील पत्रके व टपाल यांवर काम चालवावे. जे जाळे साऱ्या जगाचे आहे त्यात आपले घरगुती बोलणे सुरक्षित राहीलच कसे, असा त्यांचा प्रश्न होता. तो रास्त आहे, आणि त्याचेच उत्तर शोधण्याचा प्रयत्न आम्ही आज करणार आहोत.

आमची उभी हयात दूरध्वनीच्या नोकरीत गेली. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहण्याचे दिवस येथील वडीलधाऱ्यांस आठवत असतील. एक्स्चेंजमध्ये बसलेला ऑपरेटर दोन गावांच्या तारा जोडून देई आणि मनात आणल्यास सारे संभाषण ऐकू शके. तारेचेही तसेच होते. खिडकीत दिलेला मजकूर प्रथम तारमास्तर वाचीत, मग पुढच्या कचेरीतला माणूस. आपल्या देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. परंतु ती चालू असताना तारेतले शब्द खाजगी राहतात असा भ्रम कोणास नव्हता. म्हणूनच व्यापारी पेढ्या भावतावाच्या तारा सांकेतिक शब्दांत पाठवीत. माध्यम उघडे आहे हे लोकांस माहीत होते आणि त्या बेताने ते बोलत.

संगणकांचे जाळे त्याहूनही उघडे आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या संगणकाने काही शे मैलांवरील दुसऱ्या संगणकास पहिला संदेश पाठविला. 'लॉगिन' हा शब्द जावयाचा होता. त्यातील दोन अक्षरे गेली आणि यंत्र बंद पडले. आजच्या इंटरनेटचा उगम त्या जाळ्यात आहे. त्याची मूळ कल्पना अशी की मजकुराचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येकावर पत्ता घालावयाचा आणि वाटेतल्या यंत्रांनी ते हातोहात पुढे सारावयाचे. कोणता तुकडा कोणत्या वाटेने गेला याची पाठविणाऱ्यास फिकीर नाही. आरंभी हे जाळे वापरणारे मोजके संशोधक होते. त्यांनी रस्ता उत्तम बांधला, पण रस्त्यावरून जाणाऱ्या पालखीस पडदा लावण्याचे काम मागाहून येणाऱ्यांसाठी राहिले. मूळ स्वरूपात या जाळ्यावरचा संदेश म्हणजे पोस्टकार्डच होय. ज्याच्या हातून जाईल, तो वाचू शकेल.

मग अशा चव्हाट्यावर खलबत व्हावे कसे? याचे उत्तर आपल्या आठवडे बाजारात फार पूर्वीपासून आहे. गुरांच्या बाजारात भर गर्दीत दोघे जण समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल किंवा उपरणे टाकतात आणि त्याखाली बोटे दाबून बैलाची किंमत ठरवितात. भोवती शंभर माणसे असतात. सौदा चालला आहे हे सर्वांस दिसते, पण आकडा दोघांवाचून कोणास कळत नाही. बाजार उघडा आणि आकडा झाकलेला, ही युक्ती ध्यानात ठेवावी. आपल्या साऱ्या विषयाचे बीज तिच्यात आहे.

परंतु रुमालाखाली सौदा करावयास दोघांनी एकमेकांजवळ उभे राहावे लागते. एक जण नाशकात आणि दुसरा नैरोबीत असेल तर रुमाल टाकावयाचा कोणावर? तेथे कूटलेखन हवे, म्हणजे किल्लीवाचून उलगडणार नाही असे लेखन. या शास्त्राचा एक दंडक ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषापंडिताने १८८३ साली लष्करी कूटलेखनाविषयी लिहिताना घालून दिला. कुलपाची घडण शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली, असे त्याचे सार आहे. हा दंडक आजही मानला जातो, आणि उत्तम कुलपांची घडण जगापुढे छापून ठेवलेली असते.

तरीही एक अडचण शतकानुशतके उरली होती. किल्ली दूरच्या माणसास पोहोचवावयाची कशी? जासूद पाठवावा तर तो पकडला जाईल, आणि उघड्या वाटेने पाठवावी तर ती किल्लीच राहणार नाही. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ही गाठ सोडविल्याचे प्रसिद्ध केले. सर्वांसमक्ष मोठ्याने बोलूनही दोघांस एक गुप्त आकडा ठरविता येतो, असे त्यांनी दाखवून दिले.

हे आश्चर्य पाटीवर करून पाहता येते. दोघांनी चारचौघांत ३ आणि १७ हे दोन आकडे ठरविले. पहिल्याने मनात ६ धरला, दुसऱ्याने ७. पहिल्याने ३ चा सहावा घात केला, तो ७२९. त्यास १७ ने भागता बाकी १५ उरली, ती त्याने मोठ्याने सांगितली. दुसऱ्याने ३ चा सातवा घात केला, तो २१८७. त्यास १७ ने भागता बाकी ११ उरली, ती त्याने मोठ्याने सांगितली. आता पहिल्याने ऐकलेल्या ११ चा आपल्या मनातल्या आकड्याने, म्हणजे सहावा, घात केला. तो १७,७१,५६१, १७ ने भागून बाकी ८. दुसऱ्याने ऐकलेल्या १५ चा सातवा घात केला. तो १७,०८,५९,३७५, १७ ने भागून बाकी तीच, ८. गर्दीने ३, १७, १५ आणि ११ हे चार आकडे ऐकले. ८ हा आकडा कोणी उच्चारलाच नाही, तरी तो दोघांपाशी आला. आमचे आकडे लहान असल्यामुळे एखादा हुशार विद्यार्थी खटपट करून मनातले आकडे हुडकून काढील. व्यवहारात मात्र शेकडो अंकी संख्या घेतात, आणि तेथे उलटा हिशेब करणे आजच्या मोठ्यात मोठ्या संगणकांसही झेपत नाही. सारांश, मैलोन्‌मैल दूर असणाऱ्या दोघांवर टाकावयाचा रुमाल गणिताने विणला.

हा रुमाल सामान्य माणसाच्या हाती येण्यास काळ लागला. १९९१ साली फिलिप झिमरमन या अमेरिकी गृहस्थाने पत्रव्यवहारासाठी असे एक साधन तयार करून लोकांस फुकट दिले. ते परदेशात पसरले म्हणून त्याच्यामागे सरकारी चौकशी लागली. ती १९९६ साली खटल्यावाचून मिटली. पुढे वीस वर्षांनी, ५ एप्रिल २०१६ रोजी, व्हॉट्सॲपने आपल्या सर्व संदेशांस या टोकापासून त्या टोकापर्यंतचे कुलूप लावल्याचे जाहीर केले. पाठविणाऱ्याच्या यंत्रात मजकूर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या यंत्रातच उघडतो. मध्ये खुद्द ती कंपनीही तो वाचू शकत नाही. म्हणजे आपल्या मावशी-आत्यांच्या खुशालीच्या निरोपांस एके काळी लष्करालाच मिळत असे त्या तोडीचे कुलूप, त्यांनी न मागता, मिळाले.

येथपर्यंत दोघांची गोष्ट झाली. परंतु मंडळ दोघांचे नसते. समूहाचे खलबत ही दोघांच्या खलबताची नुसती मोठी आवृत्ती नव्हे, आणि येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे.

२०२२ साली व्हॉट्सॲपच्या एका समूहातील सभासदांची मर्यादा १०२४ पर्यंत वाढविण्यात आली. १०२४ माणसांत प्रत्येक दोघांसाठी स्वतंत्र किल्ली करावयाची तर ५,२३,७७६ किल्ल्या लागतील, आणि साधा नमस्कार पाठवावयाचा तरी तो १०२३ वेळा निरनिराळ्या कुलपांत घालावा लागेल. म्हणून व्यवहारात अशी तोड काढली की प्रत्येक सभासदाने आपल्या बोलण्यासाठी एक किल्ली करावी, ती इतर प्रत्येकास खाजगीत एकदा पोहोचती करावी, आणि मग त्याच किल्लीने सर्वांशी बोलावे. हे सोयीचे खरे. पण एक जण समूह सोडून गेला की त्याच्यापाशी साऱ्यांच्या किल्ल्या राहतात. तेव्हा उरलेल्या प्रत्येकाने जुनी किल्ली टाकून नवी करावयाची आणि ती पुन्हा घरोघर पोहोचवावयाची. १०२३ जण उरले आणि सर्वांस बोलावयाचे असले, तर ही पोहोच दहा लाखांहून अधिक वेळा करावी लागते.

या अडचणीवर जो उपाय निघाला, तो आपल्या समाजास अपरिचित वाटू नये, कारण त्याचा आराखडा वंशावळीसारखाच आहे. सभासद म्हणजे वंशावळीतील शेवटची पाती समजावी. दोन पात्यांची मिळून एक किल्ली, अशा दोन जोड्यांची वर आणखी एक, असे चढत चढत मूळपुरुषाच्या जागी साऱ्या समूहाची एकच किल्ली येते. प्रत्येकास फक्त आपल्या पात्यापासून मूळपुरुषापर्यंतच्या किल्ल्या ठाऊक असतात. दुसऱ्या शाखेच्या ठाऊक नसतात. एक जण गेला की त्याच्या वाटेवरच्या तेवढ्या किल्ल्या बदलावयाच्या. १०२४ जणांच्या वंशावळीत ही वाट अवघ्या दहा पायऱ्यांची असते. वंशावळीच्या या कल्पनेवर १९९० नंतरच्या दशकात अनेकांनी काम केले. पुढे इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्स या संस्थेने समूहांच्या गुप्त संभाषणाची एक सर्वमान्य पद्धती जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव मेसेजिंग लेअर सिक्युरिटी. तिचा पाया हाच वृक्ष आहे.

या साऱ्या खटाटोपात शास्त्रज्ञांचे लक्ष कोठे होते, ते पाहावे. दोघांचे बोलणे कसे झाकावे हा प्रश्न सुटलाच होता. त्यांची बुद्धी वेचली गेली ती येणाऱ्या आणि जाणाऱ्या माणसावर. नव्याने आलेल्यास त्याच्या येण्याआधीचे बोलणे आपोआप उघडता येऊ नये. गेलेल्यास त्याच्या जाण्यानंतरचे उघडता येऊ नये. आणि एखाद्याची किल्ली चोरीस गेली तरी ती बदलल्यावर समूह पुन्हा सुरक्षित व्हावा. म्हणजे समूहाच्या गुप्ततेचा प्रश्न अखेरीस सभासदत्वाचा प्रश्न होय. समूहात कोण आहे, हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या खलबतखान्यास कितीही भक्कम दार बसविले तरी ते व्यर्थ आहे.

हे आमचे नुसते तर्कट नव्हे. गेल्या काही वर्षांतील उदाहरणे पाहा. जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी २०१८ साली असे दाखविले की व्हॉट्सॲपच्या मधल्या सर्व्हरवर ज्याचा ताबा असेल, त्याला एखाद्या समूहात परक्या माणसास घुसविता येणे शक्य होते. कुलूप फुटत नव्हते. सभासदांची यादी राखण्याचे काम तेवढे मधल्या माणसाकडे होते. नवा माणूस आल्याची सूचना सर्वांस दिसली असती, पण शेकडोंच्या समूहात अशी सूचना वाचतो कोण? २०२० साली असे आढळले की अनेक समूहांत येण्याचे दुवे गूगलच्या शोधात कोणासही सापडत होते, कारण कोणी ना कोणी ते उघड्या पानांवर टाकून ठेवले होते. जून २०२१ मध्ये तर अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने जाहीर केले की गुन्हेगारांच्या टोळ्या जे 'अनोम' नावाचे गुप्त फोन विश्वासाने वापरीत होत्या, ते तपासयंत्रणेनेच चालविलेले होते, आणि प्रत्येक संदेशाची प्रत पोलिसांकडे जात होती. प्रत्येक खलबतात एक अदृश्य सभासद बसलेला होता, आणि त्यापायी निरनिराळ्या देशांत मिळून आठशेंवर माणसे पकडली गेली.

सर्वांत बोलके उदाहरण मार्च २०२५ मधले आहे. येमेनमधील हल्ल्याविषयी अमेरिकेच्या अत्युच्च अधिकाऱ्यांची चर्चा सिग्नल या ॲपवरील एका समूहात चालली होती. या ॲपचे कूटलेखन जगात उत्तम गणले जाते. त्या समूहात 'द अटलांटिक' या मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग चुकीने घेतले गेले होते. त्यांनी हल्ल्याची वेळ व तयारी यांविषयीचा मजकूर आपल्या मोबाइलवर वाचला आणि पुढे ही हकीकत जगासमोर मांडली. गणित किंचितही चुकले नव्हते. कुलूप आपले काम चोख करीत होते. ते प्रत्येक संदेश नेमका त्या समूहातील सर्व माणसांसच पोहोचवीत होते. माणूसच चुकीचा होता. ज्यांच्या हाताशी महासत्तेची सारी साधने आहेत त्यांच्याकडून हे घडते, तर आपल्या मंडळाची काय कथा?

आता आपल्याकडे वळू. त्या प्रकारानंतर आम्ही व दोन कार्यकर्ते तीन रात्री बसून वधूवर समूहातील क्रमांक एकेक करून पाहत गेलो. कित्येक क्रमांक कोणाचे, हे तिघांसही सांगता येईना. ॲडमिन अकरा होते, आणि त्यांपैकी दोघे मंडळाच्या कामातून केव्हाच निवृत्त झाले होते. एका मेळाव्यात कोणी मदतीच्या भावनेने एका विवाह जुळविणाऱ्या गृहस्थास समूहात घेतले होते. तो व्यवसायाने माहिती गोळा करणारा होता. घेणाऱ्यास वाटले, इतरांस ठाऊक असेल. इतरांस वाटले, ज्याने घेतला त्यास ठाऊक असेल. ती माहिती ना जाळ्यातून चोरीस गेली, ना कुलूप फोडून. आपणच दिलेल्या किल्लीने दार उघडून ती बाहेर गेली.

पूर्वी आपली नोंदवही चिटणीसांच्या कपाटात असे. ज्यास पाहावयाची त्याने समक्ष यावे, ओळख सांगावी, चिटणीसांसमोर बसून पाने चाळावी. चिटणीसांस प्रत्येक घराणे ठाऊक होते. कपाटाचे कुलूप साधेच होते, पण राखणदार जागा होता. आज कुलूप अभेद्य झाले आहे आणि राखणदार निजला आहे. म्हणून समूह बंद करावा हा उपाय आम्हांस मान्य नाही. छापील पुस्तिका तरी कोठे सुरक्षित असते? ती रद्दीत जाते, आणि रद्दीतून कोणाच्याही हाती. शिवाय परगावी आणि परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींस मंडळाशी बांधून ठेवणारा हा धागा आहे. तो तोडणे शहाणपणाचे नव्हे. राखणदारास उठविणे शहाणपणाचे.

येथे दोन मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की रुमालाखालचा आकडा दिसत नाही, पण कोण कोणाशी सौदा करीत आहे हे बाजारास दिसतेच. तसेच कोण कोणत्या समूहात आहे, कोणी कोणास केव्हा संदेश पाठविला, यांसारख्या गोष्टी मजकुराच्या कुलपाने झाकल्या जात नाहीत. सेवा चालविणाऱ्यास त्यांतील पुष्कळ कळू शकतात. दुसरी अशी की कुलूप वाटेवर असते, घरात नसते. मजकूर मोबाइलच्या पडद्यावर उघडला की त्याचे छायाचित्र घेऊन पुढे पाठविण्यास कोणतेही गणित आड येत नाही. बोलण्याची जी प्रत आपण इंटरनेटवर साठवून ठेवतो, तिला वेगळे कुलूप लावण्याची सोय व्हॉट्सॲपने २०२१ साली केली, पण ते आपण स्वतः लावावे लागते. आणि जुना मोबाइल न पुसता विकला, तर आपण खलबतखान्याचा दरवाजाच भंगारात विकला असे समजावे.

बंद खोलीचा एक दोषही आम्ही लपविणार नाही. जेथे बाहेरच्यास ऐकू येत नाही, तेथे खोट्यास उत्तर देणाराही कोणी नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांस ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, पोटासाठी गावोगाव हिंडणारे लोक होते. अशा अफवा त्या दिवसांत समूहांतूनच एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जात होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही असा निर्बंध घालण्याचे ठरविले. परंतु यंत्राचा निर्बंध माणसाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. दार लावून घेण्याचा अधिकार हवा असेल, तर आतल्या बोलण्याची जबाबदारीही आतल्यांनीच घेतली पाहिजे. ज्ञातीचे मंडळ म्हणून तर ती अधिकच आहे. आपले दार आपल्या माणसांची अब्रू राखण्यासाठी लावावयाचे. इतरांविषयी मागे बोलण्यासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट तरुण भगिनींस उद्देशून आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा भारताच्या नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. हा अधिकार मंडळाचा नव्हे, व्यक्तीचा आहे, हे आम्ही वडीलधाऱ्यांनी ओळखले पाहिजे. मुलीची माहिती ही समाजाची मालमत्ता नाही. ती तिची आहे. तिने जेवढी द्यावी तेवढीच, ज्यास द्यावी त्यासच, आणि जेवढा काळ द्यावी तेवढाच काळ ती आपल्यापाशी ठेव म्हणून राहील. ठेव सांभाळता येत नसेल तर ती स्वीकारू नये, हा व्यवहाराचा साधा नियम होय.

या विवेचनावरून आम्ही कार्यकारी मंडळापुढे काही सूचना नम्रतापूर्वक ठेवतो. प्रत्येक समूहास तीनच ॲडमिन असावेत, त्यांची नावे स्मरणिकेत छापावीत आणि ते दरवर्षी निवडावेत. दर सहा महिन्यांनी समूहाची हजेरी घ्यावी. प्रत्येक क्रमांकामागे नाव, गाव आणि ओळख देणारा सभासद यांची नोंद असावी, आणि ज्याची ओळख पटणार नाही त्यास समूहातून कमी करावे. समूहात येण्याचा दुवा कोठेही जाहीर टाकू नये. टाकला गेल्यास तो ताबडतोब रद्द करून नवा घ्यावा. वधूवर समूहात पत्ता, पगार, क्रमांक आणि छायाचित्र येऊच नये. तेथे नोंदणी क्रमांक व अल्प परिचय एवढेच असावे, आणि पुरी माहिती मुलीची अथवा मुलाची संमती विचारून चिटणीसांनी एकेका घरासच द्यावी. विवाह ठरल्याचे कळताच ती नष्ट करावी. निधीसाठी पैशांचे आवाहन समूहात आले तर खजिनदारांशी प्रत्यक्ष बोलल्यावाचून कोणी पैसे पाठवू नयेत. यांपैकी एकाही सूचनेस गणित लागत नाही. फक्त आस्था आणि थोडा वेळ लागतो.

ज्ञातिबंधुभगिनींनो, जगातील उत्तमोत्तम बुद्धिमंतांनी पन्नास वर्षे खपून आपणांस चव्हाट्यावर बसून खलबत करता येईल असा पडदा विणून दिला आहे. पडद्याआड कोणास बसवावयाचे, एवढेच त्यांनी आपणांवर सोडले. तेवढेही आपल्याने होत नसेल तर दोष पडद्यास देता येणार नाही. ज्या गृहस्थांची हकीकत आम्ही आरंभी सांगितली, ते आज या सभागृहात नाहीत. वरील सूचना मान्य होऊन पहिली हजेरी पुरी झाली, की ती यादी घेऊन आम्ही पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहोत. मुलीचे नाव परत नोंदवावे अशी विनंती करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हाती द्यावे, आणि झाल्या गोष्टीबद्दल त्यांची व त्या मुलीची मंडळाच्या वतीने क्षमा मागावी, एवढे आमचे कर्तव्य आहे.